अक्षांश-रेखांशासाठी दोन डबल पुरत नाहीत

पुण्याचे अक्षांश १८.५२०४, रेखांश ७३.८५६७. प्रोग्रॅममध्ये ही जोडी दोन डबलमध्ये (६४ बिटी दशांश संख्यांत) उलटी भरली की पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जाऊन पडतं. आणि प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही.

अक्षांश -९० ते ९०, रेखांश -१८० ते १८०, एवढी तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये) घातली की काम झालं असं वाटतं. पण महाराष्ट्राचे सगळे रेखांश ७२ ते ८१ च्या आत आहेत, म्हणजे अक्षांश म्हणूनही ते बिनबोभाट खपतात. गुवाहाटीचे रेखांश ९१ च्या पुढे, तिथे एरर येईल. टेस्टमध्ये नुसती मुंबई-नागपूर असतील तर ही चूक कधीच सापडणार नाही.

चूक होते कारण क्रमावर जगाचं एकमत नाही. जिओजेसन या नकाशा-डेटाच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी, लीफलेट ही नकाशाची लायब्ररी आणि गूगल मॅप्समध्ये अक्षांश आधी. म्हणून अक्षांशाचा एक छोटा क्लास, रेखांशाचा दुसरा, आणि बिंदूच्या कन्स्ट्रक्टरला हे दोनच टाइप. अदलाबदल झाली तर जावाचा कंपायलरच अडवतो. पायथनमध्ये आर्ग्युमेंटच्या यादीत सुरुवातीला चांदणी (*) टाकली की नाव लिहिल्याशिवाय कॉलच होत नाही. एवढ्यानेही बरंच भागतं. जिओजेसन वाचायचं ते एकाच मेथडमध्ये. क्रम उलटायची जागा तेवढी एकच.

तपासणी लिहायची पद्धतही महत्त्वाची. ‘-९० पेक्षा कमी किंवा ९० पेक्षा जास्त असेल तर एरर’ असं लिहिलं की नॅन (‘ही संख्याच नाही’ असं सांगणारी खास किंमत) सुखरूप आत शिरतो, कारण त्याच्याशी केलेल्या या दोन्ही तुलना खोट्याच ठरतात. ‘मर्यादेत नसेल तर एरर’ असं लिहा.

आता आत साठवायचं काय? ३२ बिटी फ्लोट नकोच. ७३ च्या आसपास त्याच्या लागोपाठच्या दोन किमतींमध्ये ०.०००००७६ अंशाचं अंतर असतं, म्हणजे जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटर. डबल अचूकतेला भरपूर आहे, पण समानतेला त्रास देतो. इक्वल्समध्ये (दोन ऑब्जेक्ट समान आहेत का ते ठरवणाऱ्या मेथडमध्ये) ‘थोडासा फरक चालेल’ असं घातलं, की क बरोबर ख, ख बरोबर ग, पण क बरोबर ग नाही, असं होतं आणि हॅशमॅप (समानतेवर विसंबून किल्लीवरून किंमत शोधणारा साठा) बिघडतो. त्यापेक्षा अंशाला एक कोटीने गुणून, पूर्णांकात राउंड करून ठेवा. १८० चे १८० कोटी होतात, ३२ बिटी इंटची मर्यादा २१४ कोटींच्या वर, म्हणजे आरामात मावतं. एक एकक विषुववृत्तावर जेमतेम १.१ सेंटिमीटर. १८० आणि -१८० ही एकच रेषा. साठवतानाच एका चिन्हावर आणा.

अंश-मिनिट-सेकंद वाचताना चिन्ह वेगळं धरा. सिडनीचं -३३ अंश ५१ मिनिटं म्हणजे -३३.८५, नुसती बेरीज केली तर -३२.१५ येतं. लंडनचे रेखांश ० अंश ७ मिनिटं पश्चिम. तिथे ‘-०’ पूर्णांकात वाचला की उणे गळून पडतो आणि शहर ग्रीनिचच्या पूर्वेला सरकतं.

आणि रिकामा, म्हणजे आर्ग्युमेंट न घेणारा, कन्स्ट्रक्टर देऊच नका. त्यातून ०, ० तयार होतं, तो गिनीच्या आखातातला खराखुरा बिंदू आहे. ठिकाण माहीत नसेल तर ऑब्जेक्टच नसावा.