आधी पानं पुसायला या

ओळखीतून फोन येतात. "ताई, तुम्ही ब्राझीलमध्ये त्या आयाहुआस्कावाल्या लोकांत जाता ना? मला एकदाच घ्यायचंय. किती खर्च येईल?" विचारणारे बहुतेक वेळा आतून दुखावलेले असतात. कुणाची आई नुकतीच गेलेली असते, कुणाचं घर मोडलेलं असतं. मी सगळ्यांशी नीट बोलते. पण खर्चाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं, कारण आयाहुआस्का, म्हणजे वनस्पती उकळून केलेलं, मनात दृश्यं उभी करणारं पेय, आमच्याकडे विकत नाहीत. विकताही येत नाही. ब्राझीलच्या अमली पदार्थविषयक राष्ट्रीय परिषदेने २०१०च्या ठरावात धार्मिक वापराचे नियम घालून दिले, तेव्हाच विक्री, जाहिरात आणि नफ्यासाठी चालवलेलं पर्यटन या तिन्हींना मनाई केली. आमच्या धार्मिक मंडळीचा खर्च सगळे मिळून उचलतात.

मी ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात, डोंगराळ भागात राहते. मातीचे नमुने तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि सांतो दाइमी या ब्राझीलमधल्या धार्मिक पंथाच्या एका लहानशा मंडळीची मी सदस्य आहे, पांढऱ्या पोशाखावर सहा टोकांचा तारा लावणारी. ज्याला जग आयाहुआस्का म्हणतं त्याला आम्ही दाइमी म्हणतो, आणि आमच्यासाठी ते तीर्थ आहे. ते घेतल्यावर काय दिसतं, हे मी इथे लिहिणार नाही. मला लिहायचंय ते तीर्थ तयार होतं त्या दिवसांबद्दल. माझ्या मते आमचा धर्म खरा तिथे आहे, आणि फोन करणाऱ्यांना नेमकं तेच कुणी सांगितलेलं नसतं.

त्या दिवसांना फेइचीऊ म्हणतात. दोन वनस्पती लागतात. एक जागूबी नावाची वेल, दुसरं एका झुडपाचं पान, ज्याला सगळे राणी म्हणतात. वेल पुरुषांकडे, पानं बायकांकडे. झाडावरून पानं काढायची, चादरीवर ढीग घालायचा आणि भोवती बसून एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसायचं. धूळ, कोळ्याची जाळी, किड्यांची अंडी, सगळं बोटांनी काढायचं. पाण्याखाली धरून मोकळं होता येत नाही. पान उलटं केलं की मधल्या शिरेच्या कडेने बारीक फुगवटे लागतात, डोळ्यांआधी बोटाला कळतात. ही राणीच्या पानाची खूण. झुडूप कॉफीच्याच कुळातलं आहे, नवख्या माणसाची नजर फसू शकते, त्या फुगवट्यांवरून मात्र बोट सहसा चुकत नाही.

बोलणं जवळजवळ नसतं. कुणीतरी भजन सुरू करतं, बाकीच्या धरतात. दुपारपर्यंत पाठ भरून येते, ढीग तेवढाच वाटतो, आणि त्या कंटाळ्यातच मनातलं एकेक वर यायला लागतं. मला माझ्या वडिलांवरचा राग पानं पुसताना कळला, पेला हातात असताना नाही.

एका वर्षी ढिगात जुनी पानं शिरांच्या मध्ये पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी बरीच आली. आमच्या माद्रीन्या, म्हणजे मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाई, पान माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "लेकी, हे तुझं खातं. बघ बरं, काय म्हणतंय?" मॅग्नेशियम कमी पडत होतं. इथली माती मुळात आम्ल, त्यात आम्ही वर्षानुवर्षं पानं नेत होतो आणि परत काही देत नव्हतो. नमुने काढले, डोलोमाइटचा चुना घातला, झुडपांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याची जाड गादी केली. नवी पालवी गडद आली. त्या वेळी बागेत झालेला आनंद मी मंदिरातही क्वचित पाहिलाय. धरतीला आई म्हणणारी गाणी आम्ही खूप गातो. तिला काय कमी पडतंय हे तपासून बघणं हीसुद्धा त्याच गाण्यांची साधना आहे, असं मी मानते.

पलीकडे पुरुष ओळीने ओंडक्यांपुढे बसून लाकडी मोगरीने वेल ठेचतात. सगळ्यांचा ठोका एकत्र पडतो. ठेचून ठेचून वेलीचं उसाच्या चिपाडासारखं होतं. मग मोठ्या भांड्यांत वेलीचा थर, पानांचा थर, पाणी, आणि खाली लाकडाची भट्टी. रात्रभर कुणी ना कुणी आचेपाशी उभं असतं. पाळीच्या दिवसांत बायकांनी भट्टीघरात पाऊल टाकायचं नाही, असा जुना नियम आहे. मला तो पटत नाही आणि मी तसं सांगितलंही आहे. वाद चालू आहे, मीही मंडळीतच आहे.

दोन वनस्पती का, याला चोख रासायनिक कारण आहे. पानात डीएमटी असतं, म्हणजे दृश्यं दाखवणारं द्रव्य. ते नुसतं पोटात गेलं तर मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर त्याचा निकाल लावतं. वेलीतले हार्मिन, हार्मालिन हे घटक त्या विकराला रोखतात. अॅमेझॉनच्या लोकांनी प्रयोगशाळेशिवाय ही जोडी शोधली. आक्रे राज्यातले हूनी कुइन, अशानिंका हे समाज आपापल्या रीतीने आजही हे पेय घेतात. आमचा पंथ त्यांच्या ऋणात आहे, आणि हे आमच्या लोकांनी जास्त वेळा मोठ्याने म्हणावं असं मला वाटतं.

पंथ सुरू केला रेमुंदो इरिनेउ सेहा यांनी. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १८८८ साली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मारान्याँव राज्यात जन्मलेला हा उंचापुरा कृष्णवर्णीय माणूस रबराचा चीक काढायच्या कामाला अॅमेझॉनमध्ये गेला, आणि पेरूच्या सीमेकडच्या जंगलात त्याला हे पेय मिळालं. कथा अशी की आठ दिवस कसावा नावाच्या कंदावर, तोही बिनमिठाचा, राहून त्याने व्रत केलं आणि जंगलाची राणी म्हणवणाऱ्या दिव्य स्त्रीने त्याला दीक्षा दिली. १९३० मध्ये रिओ ब्रांको शहराजवळ त्याने गरीब, बहुतांशी अशिक्षित माणसांना घेऊन काम सुरू केलं. ही माणसं दिवसा शेतात राबायची आणि रात्री गायची. म्हणून आमच्या भजनांत सूर्य, चंद्र, तारे आणि जंगल येशू-मेरीच्या शेजारी बसलेले असतात, कुणालाच ते वेगळे वाटत नाहीत.

आता फोन करणाऱ्यांसाठी. नैराश्यावरची, विशेषतः सेरोटोनिन वाढवणारी गोळी चालू असेल तर हे पेय जिवावर बेतू शकतं. वेल त्या विकराला अडवते, त्याचाच हा परिणाम. आणि ती गोळी मनाने बंद करणं हाही तितकाच मोठा धोका आहे, त्याबद्दल फक्त तुमच्या डॉक्टरांशी बोला. तुम्हाला किंवा घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा उन्मादाचे झटके असतील तर माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. मार्च २०१० मध्ये साओ पावलोजवळच्या ओसास्को शहरात ग्लाउको व्हिलास बोआस हे नावाजलेले व्यंगचित्रकार आणि त्यांचा मुलगा, दोघांचाही खून झाला. ग्लाउको आमच्याच पंथातल्या एका मंडळीचे प्रमुख होते, आणि मारणारा मनाने आजारी तरुण तिथे येऊन गेलेला होता. नव्या माणसाला आत घेण्याआधी आम्ही जी लांबलचक चौकशी करतो, तिला कुणी अविश्वास म्हणालं की मला ते दोघे आठवतात.

जिथे चौकशी न करता पेला हातात देतात, मागच्या आठवड्याला कोण आलं होतं हे ज्यांना आठवत नाही, तिथे जाऊ नका. वेल कुठून आली ते विचारा. जागूबी जाड व्हायला कित्येक वर्षं लागतात. जंगलातून तोडून आणायची आणि परत लावायची नाही, असं जिथे चालतं तिथलं तीर्थ मी तोंडाला लावणार नाही.

आमच्याकडे पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो, आणि नवी रोपं तेव्हाच लावतो. मनापासून यायचं असेल तर तेव्हा या. त्या कामात कुणाला काही प्यायला देत नाही. खड्डे खणायचे, शेणखत घालायचं, वेलीला चढायला झाड शोधायचं, राणीला सावली बघायची. पुढचा फेइचीऊ ठरला की पानं पुसायला बसायचं. चौकशीची मुलाखत त्यानंतर घेऊ.