एक बल्ब आणि लटकलेली खुर्ची

ब्रिटिश कलाकार कॉर्नेलिया पार्करने 1991 मध्ये बागेतली एक शेड ब्रिटिश सैन्याकडून स्फोटाने उडवून घेतली आणि तिचे तुकडे एका बल्बभोवती टांगले. कॉलेजच्या कलावर्गात अशीच मांडणी करून याला उत्तर द्यायचं तर मोडकी लाकडी खुर्ची पुरते. स्फोट नको, करवत आणि हातोडी घ्या. चिरफळ्या उडालेल्या कडा गुळगुळीत करू नका.

छताला चार कोपऱ्यांतून 4 बाय 4 फुटांची वेल्डेड जाळी बांधा. तुकड्यांना 0.4 मिलिमीटरचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. साधी गाठ त्यावर सुटते. पाच वेढे देऊन, थुंकी लावून आवळा. जड तुकडे आधी टांगा, कारण जाळी झोल खाते आणि मग सगळ्या उंच्या बिघडतात. एका दोऱ्यावरचा तुकडा गिरक्या घेतो. दिशा ठरलेली हवी असेल तर दोन दोरे लावा.

खरा घोळ बल्बात होतो, कारण भिंतीवरच्या सावल्या त्याच्यावर ठरतात. दुधी एलईडी साधारण 6 सेंटिमीटर रुंद असतो. तुकडा त्यापासून 50 सेंटिमीटरवर आणि भिंत तिथून पुढे 2 मीटरवर असेल, तर सावलीची कड 24 सेंटिमीटर पसरते, म्हणजे नुसता धूसर डाग. पारदर्शक काचेचा, बारीक फिलामेंटचा बल्बच घ्या. तो तापतो, त्यामुळे तंगूस त्याच्यापासून फूटभर दूर ठेवा, नाहीतर वितळेल. होल्डर जाळीला टेकू देऊ नका. वायरचं आवरण सोललं तर जाळीत करंट उतरेल.

आणि हो, पंखा बंद.