नकोशा डोसची वाटणी

माझ्या कामाचा बराचसा वेळ नको असलेली गोष्ट कुठे ठेवायची, या विवंचनेत जातो. कॅन्सरच्या गाठीला किरणांचा हवा तेवढा डोस पोचवणं तसं सोपं आहे. थोडे दिवस शिकलेला कोणीही ते करून दाखवील. गाठीपर्यंत जाताना आणि गाठ ओलांडून पुढे जाताना किरण वाटेत जे सांडत जातात, त्याची सोय लावण्यासाठी मला पगार मिळतो. हुद्दा सीनियर ट्रीटमेंट प्लॅनर. सीनियर म्हणजे सोय लागत नसेल तेव्हा ज्यांच्याकडे फाइल येते त्या.

खरी गोम अशी की क्ष-किरण कुठे थांबत नाहीत. रोजच्या वापरातली सहा एमव्हीची, म्हणजे सहा मेगाव्होल्ट जोराची, शलाका त्वचेखाली साधारण दीड सेंटिमीटरवर सर्वांत जास्त डोस देते आणि तिथून ओसरायला लागते. दहा सेंटिमीटरवर सुमारे दोन-तृतीयांश उरतो, आणि पलीकडच्या अंगाने ती बाहेर पडते तेव्हाही तिच्यात बरंच काही शिल्लक असतं. आपलं ठिकाण आलं की तिथेच थांबणारे प्रोटॉनही असतात, पण त्यांचं यंत्र अवाढव्य, महाग आणि मोजक्याच ठिकाणी. आम्हा बाकीच्यांच्या वाट्याला फोटॉनच, म्हणजे हेच क्ष-किरण. त्यामुळे एकाच दिशेनं भडिमार करायचा नाही, अनेक दिशांनी थोडं थोडं यायचं. यंत्राची मान रुग्णाभोवती फिरते, तिच्या तोंडाशी टंगस्टनची अरुंद पाती पुढे-मागे सरकून शलाकेचा आकार क्षणाक्षणाला बदलतात, आणि या सगळ्या वाटा गाठीत एकमेकींना छेदतात. बेरीज तिथे होते.

स्क्रीनवर हे फार देखणं दिसतं. मधोमध लाल, भोवती पिवळा, मग हिरवा, मग निळा. पाहायला आलेले लोक लाल रंगाकडे बघून "वा!" म्हणतात. माझं लक्ष निळ्याकडे. वाटेत सांडलेला सगळा डोस तिथे जाऊन बसलेला असतो. तो नाहीसा झालेला नसतो, पातळ होऊन पसरलेला असतो.

भावाभावांच्या वाटणीत भांडण होतं ते मिळकतीवरून. इथे वाटायचं असतं कर्ज, आणि प्रत्येक भावाची ऐपत वेगळी. मज्जारज्जूला उधारी चालतच नाही. रोज दोन ग्रेच्या (ग्रे हे डोस मोजायचं एकक) हिशेबानं एकूण पंचेचाळीस ते पन्नास ग्रेच्या आत त्याला ठेवायचं, आणि तेही लांबीच्या प्रत्येक बिंदूवर. एका ठिकाणी जरी मर्यादा मोडली, तरी त्याच्या खालचा सगळा कारभार धोक्यात. सरासरी चांगली आहे म्हणून तो समजून घेत नाही. फुप्फुसाचा स्वभाव अगदी उलटा. त्याचा एखादा कोपरा पुरता कामातून गेला तरी बाकीचं फुप्फुस सांभाळून घेतं; पण सगळीकडे मध्यम डोस पसरला की ते महिन्या-दोन महिन्यांनी सुजून बसतं. म्हणून फुप्फुसाच्या बाबतीत आम्ही विचारतो, किती टक्के भागाला वीस ग्रे किंवा त्याहून जास्त मिळाले? डोळ्यातल्या भिंगाला फारच थोडं सोसतं. मोतीबिंदू होतो, पण त्यावर शस्त्रक्रिया आहे. दृष्टीच्या नसेला बरंच जास्त सोसतं, पण ती गेली तर उपाय नाही. तेव्हा दोघांपैकी एकाला त्रास द्यायची वेळ आली तर कोणाला द्यायचा, हे आकडे न बघताही सांगता येतं. आकडे तरी बघतोच.

सगळ्यात कस लागतो तो घशाच्या आणि जिभेच्या केसमध्ये. एक नेहमीचा प्रसंग सांगते. जिभेच्या मुळाशी गाठ, मधोमध नाही, उजवीकडे सरकलेली. त्याच बाजूच्या मानेतल्या लसिका गाठींतही पसरलेली. गाठीला सत्तर ग्रे द्यायचे, पस्तीस खेपांत. दोन्ही कानांच्या पुढे-खाली पॅरोटिड नावाच्या मोठ्या लाळग्रंथी असतात. त्या जाळल्या तर माणूस बरा होतो, पण पुढची कित्येक वर्षं पाण्याची बाटली हातात घेऊन फिरतो; कोरडा घास गिळता येत नाही, रात्री तोंडाला कोरड पडून जाग येते. म्हणून या दोघींना वाचवायची धडपड. २०१० साली जगभरच्या तज्ज्ञांनी अवयवांच्या सोसण्याचा एकत्र आढावा घेतला, त्यात या ग्रंथींसाठी एक सोयीचं वाक्य आहे: दोघींची सरासरी पंचवीस ग्रेच्या आत ठेवा, नाहीतर निदान एकीची तरी वीसच्या आत.

हाताखालचा मुलगा दुपारपासून दोघींना पंचविसाच्या आत आणायच्या मागे लागलेला. डावी आली. उजवी तीसवर अडकली, कारण गाठीभोवती खबरदारी म्हणून सोडलेली जागाच तिच्यात शिरलेली. त्यानं ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे डोसचा हिशेब जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उजव्या ग्रंथीचं प्राधान्य वाढवलं. आलेखातली तिची रेषा आज्ञाधारकपणे डावीकडे, म्हणजे कमी डोसकडे, सरकली, आणि मज्जारज्जूची उजवीकडे. त्यानं मज्जारज्जूला दाबलं, तर तोंडाच्या पोकळीत, जिथे काहीच कारण नव्हतं तिथे, एक लाल ठिपका उगवला. ठिपक्याभोवती स्क्रीनवर नकली अवयव रेखाटून त्याला बंदी घातली, तर आता गाठीचीच एक कड उपाशी राहिली. "मॅडम, जरा बघता का?"

बघायला फार काही नव्हतं. उजवी सोडून दे म्हटलं. तिच्या नशिबात आज ते नाही. तिचा आग्रह सोडला की डावी अठरापर्यंत खाली येईल, आणि एका चांगल्या ग्रंथीवर माणसाचं बरंचसं निभावतं. त्याला पटलं, पण आवडलं नाही, आणि ते मला आवडलं. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि होकार दिला. त्यानंतर अर्ध्या तासात प्लॅन जागेवर बसला.

सीनियर होण्याचं सार विचाराल तर हेच, कुठे हट्ट धरायचा आणि कुठे सोडायचा. नव्यांना प्रत्येक आकडा हिरव्या रंगात हवा असतो, आणि ऑप्टिमायझर त्यांचे लाडही पुरवतो. तासभर आणखी राबवा, अर्धा ग्रे आणखी खाली येईल. पण त्यासाठी तो पात्यांना इतक्या चिमुकल्या फटींतून, इतकं मागेपुढे नाचवतो की फिजिसिस्टनं तोच प्लॅन यंत्रावर चालवून डोस मोजला, की कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं जुळत नाही. आणि सगळं जुळलं तरी टेबलावर झोपणारा माणूस उरतोच. पाठीच्या मणक्यात दुखणं असलेल्याला वीस मिनिटं न हलता झोपवून दिलेला अप्रतिम प्लॅन, त्याच्या पाचव्या मिनिटाला चुळबुळण्यानं साधारण होतो. त्यापेक्षा चार मिनिटांत संपणारा जरा उणा प्लॅन मी केव्हाही घेईन. हे मत सगळ्यांना मान्य नाही, याची मला कल्पना आहे.

गंमत म्हणजे यातल्या कुठल्याच माणसाला मी भेटलेली नसते. मला दिसतात त्याच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या करड्या चकत्या. कोणाच्या दाढेत चांदी भरलीय, कोणाची बरगडी कधीकाळी मोडून वाकडी जुळलीय, कोणी स्कॅनआधी सांगूनही पाणी प्यायलेलं नाही, हे मला कळतं. चेहरा कळत नाही. दाढेतल्या चांदीमुळे स्कॅनमध्ये पांढऱ्या-काळ्या रेघा उठतात आणि संगणकाला वाटतं तिथे हाड आहे, शेजारी हवा आहे. ते हातानं निस्तरावं लागतं, म्हणून चांदीवाले माझ्या जास्त लक्षात राहतात.

या करड्या चकत्यांचा जन्मही आमच्याच डोकेदुखीतून झालाय, याचा मला थोडा अभिमान आहे. १९५६ साली केपटाऊनच्या ग्रूट शूर इस्पितळात फिजिसिस्टची जागा रिकामी झाली, म्हणून विद्यापीठातले ॲलन कॉरमॅक आठवड्यातून थोडा वेळ तिथे जाऊ लागले. किरणोपचाराचे प्लॅन त्यांनी पाहिले. सगळा हिशेब असा, जणू माणूस आतून एकसंध आहे. हाड, स्नायू, फुप्फुस किरणांना वेगवेगळं अडवतात. मग आतला नकाशा कळल्याशिवाय डोस कसा सांगणार? त्यांनी तो नकाशा बाहेरून काढायचं गणित मांडलं आणि १९६३ व १९६४ मध्ये छापलं. कोणी फारसं विचारलं नाही. त्यांनीच पुढे सांगितलं की लेखाची प्रत मागणाऱ्यांत सगळ्यात मजेदार मागणी होती स्वित्झर्लंडच्या हिमकडे-संशोधन केंद्राची. त्यांना डोंगरावरचा बर्फ मोजायचा होता. १९७९ मध्ये कॉरमॅक आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना सीटी स्कॅनसाठी नोबेल मिळालं. आमच्या खात्यातून निघालेली चीज जगभर मेंदू आणि पोट बघायला गेली, आणि मग परत आमच्याकडे आली.

डोसची वाटणी जागेत होते तशी वेळेतही होते, आणि तिचं श्रेय एडक्यांना आहे. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी एडक्यांच्या वृषणांवर किरण टाकून पाहिले. एका दमात पुरेसा डोस दिला तर वंध्यत्व येई, पण वरची कातडीही जळे. तोच डोस काही दिवसांत विभागून दिला तर काम होई आणि कातडी वाचे. एडक्यांना काय वाटलं याची नोंद नाही. पण दोन डोसांच्या मध्ये निरोगी पेशी स्वतःला सावरतात, गाठीच्या पेशींना तितकं जमत नाही, हे तिथून रुजलं. आता वारं उलट्या दिशेनं वाहतंय. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी पाच आठवडे लागत, मग पंधरा खेपांत चाळीस ग्रे आले, आणि आता निवडक रुग्णांना पाच दिवसांत सव्वीस. रोजच्या खेपा वाचतात, आणि त्या वाचण्याची किंमत येणाऱ्यालाच ठाऊक.

काही जाणवलं नाही, असं पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण तंत्रज्ञांना सांगतो, थोड्या संशयानं. बरोबरच आहे. एक ग्रे म्हणजे एक किलोमागे एक ज्यूल. दिवसाच्या दोन ग्रेनं ऊती एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्म्याच्या आसपास तापतात. सत्तरच्या सत्तर ग्रे एकदम ओतले तरी अंशाचा पन्नासावा-साठावा भाग. इतक्या क्षुल्लक ऊर्जेनं पेशी मरते, कारण घाव नेमका डीएनएवर बसतो. कितीदा हिशेब केला तरी मला याचं नवल वाटायचं राहत नाही.

डाव्या स्तनाच्या केसमध्ये तर सगळ्यात चांगली युक्ती संगणकाबाहेरची आहे. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि वीसेक सेकंद धरून ठेवायला. छाती फुगते, हृदय खाली-मागे सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बऱ्याच अंशी बाजूला होतं. मी दिवसभर पाती नाचवून जे मिळवू शकत नाही, ते ती बाई एका श्वासात करते. सुरुवातीला सगळ्यांना वाटतं जमणार नाही. सराव करून बहुतेकींना जमतं.

हल्ली स्कॅनवर अवयवांच्या कडा रेखाटायचं काम प्रोग्राम करतो. पूर्वी जिथे सकाळ जायची, तिथे आता चहा संपत नाही. मला त्याचं दुःख नाही. तो मूत्राशय सुरेख रेखाटतो. मधूनच आतड्याला गुदाशय समजतो, मग आम्ही सरळ करतो. प्लॅनही तो सुचवतो, आणि पुष्कळदा चांगला सुचवतो. पण उजवी ग्रंथी सोडून द्यायची का, हा फोन अजून कोणीतरी करावाच लागतो.

आणि एवढं सगळं करून प्लॅन संपत नाही. घशाचा रुग्ण तिसऱ्या आठवड्यात जेवेनासा होतो, वजन उतरतं, गाठही आक्रसते. सुरुवातीला चेहऱ्यावर घट्ट बसवलेला प्लास्टिकचा मास्क सैल पडतो. गाल आत गेल्यानं कसोशीनं वाचवलेली डावी ग्रंथी मध्याकडे, म्हणजे जास्त डोसच्या बाजूला सरकते. तंत्रज्ञ रोजच्या स्कॅनवर ते बघून मला बोलावतात. मग नवा मास्क, नवा सीटी, नव्यानं कडा, आणि वाटणी पहिल्यापासून. दुपारी डॉक्टरांचा फोन येतो, की सोमवारपासून नवा प्लॅन सुरू करायचाय. तेव्हा शुक्रवार असतो.