तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा ट्रान्सफॉर्मर रेल्वेनं का नेत नाहीत?

भुसावळला टीएक्सआर, म्हणजे डबे-वॅगन तपासणारा, होतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुधा महामार्गावर शंभर चाकांच्या ट्रेलरमागे तासभर रखडून आलेला असतो. ‘एवढं धूड रस्त्यावर कशाला? मालगाडीवर चढवा की!’

चढवतात की. वजनाचं रेल्वेला फारसं काही वाटत नाही, ॲक्सल वाढवले की भागतं. अडतं ते अंगाच्या मापावर. ब्रॉडगेजवर माल 3250 मिलिमीटर रुंद आणि मधोमध 4265 मिलिमीटर उंच, एवढ्यात बसला पाहिजे. त्याबाहेर गेला की तो ‘ओडीसी’, म्हणजे ठरल्या मापाबाहेरचा माल. मग वाटेतला प्रत्येक प्लॅटफॉर्म, सिग्नलचा खांब, पुलाचा गर्डर यांच्यापासून किती जागा सुटते ते आधी कागदावर बघायचं. 6 इंचांहून कमी सुटत असेल तर सी क्लास: गाडी दिवसाच चालणार, तीही रांगत, आणि सोबत टीएक्सआर, रुळांची देखभाल बघणारा पीडब्ल्यूआय, ट्रॅफिकवाले अशी वरात. वरची तार फारच जवळ आली तर वीज बंद करून पुढे सरकायचं.

सगळ्यात वाईट वळण. हे मी पंगतीतच ताटाच्या काठावर चमचा आडवा ठेवून दाखवतो. चमच्याची टोकं काठावर, पोट ताटाच्या आत. वॅगनचंही तसंच. दोन टेकूंमध्ये 24 मीटर अंतर आणि वळण 175 मीटर त्रिज्येचं धरा, पोट 41 सेंटिमीटर आत घुसतं. तिथे खांब असला तर?

म्हणून साध्या ओडीसीला खोलगट वेल वॅगन, आणि फारच अवजड असेल तर श्नाबेल. श्नाबेल म्हणजे जर्मनमध्ये चोच. दोन चोचींनी ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून धरायचा, त्याची टाकी हाच वॅगनचा मधला भाग. परतताना रिकाम्या चोची एकमेकींना जोडून येतात.

ट्रान्सफॉर्मरही निम्मा उघडाच निघतो. तेल काढून आत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरलेली, तारा जोडायची बुशिंग आणि तेल थंड करणारे रेडिएटर वेगळ्या खोक्यांत. अंगावर धक्के नोंदवणारं यंत्र बसवलेलं. शंटिंगवाल्यानं ‘हळूच लावला हो साहेब’ कितीही म्हटलं, तरी ते यंत्र खरं सांगून मोकळं होतं.

सोलापूरच्या 765 केव्ही उपकेंद्रात एकाऐवजी तीन सारखे सिंगल-फेज ट्रान्सफॉर्मर मिळून एक संच होतो. एवढं सगळं एकाच टाकीत घातलं तर ते कुठल्याच वाटेनं नेता येणार नाही, हे त्यामागचं मोठं कारण.

मग रस्ता का? कारण उपकेंद्राच्या दारात सायडिंग, म्हणजे मालगाडीसाठी काढलेला रुळांचा फाटा, नसते. शेवटच्या पाच-दहा किलोमीटरला ट्रेलर लागतोच, शिवाय वॅगनवरून ट्रेलरवर उतरवण्याची उस्तवार वेगळी. मालक म्हणतो, त्यापेक्षा कारखान्यातूनच ट्रेलर काढा. त्याचंही चुकत नाही, हे रेल्वेचं मीठ खाल्लेल्या माणसाला कबूल करताना जड जातं.

इथवर येईतो वाढपी मठ्ठा घेऊन येतो, आणि मला माझा चमचा परत लागतो.