कडवळाचा खोडवा

गंगावेशीत म्हशी उभ्या करून डोळ्यांसमोर धार काढतात आणि माणसं तिथंच धारोष्ण दूध पितात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. त्या म्हशींची वैरण कुणाच्या रानातून येते, हा विचार मात्र आमचं रान विकेपर्यंत माझ्या मनात कधी आला नव्हता.

पाचगावच्या बाजूला आमचे ३० गुंठे होते. आण्णा नोकरीत, त्यामुळे १८ वर्षं एक मावशी आणि त्यांचे मालक ते खंडानं, म्हणजे भाड्यानं, करायचे. मका, कडवळ म्हणजे वैरणीची ज्वारी, बांधाला गवत. कडवळ कापलं की बुडख्यातून पुन्हा फुटतं, तो खोडवा. पहाटे पेंढ्या बांधून शहरात न्यायच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही २० गुंठे प्लॉटसाठी दिले. व्यवहार ठरला तेव्हा मावशींना कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. इसार घेतल्यावर सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ताई, मग कडवळाचा खोडवा राखू का मोडू?" मला उत्तर देता आलं नाही.

त्यांच्याकडे कागद नव्हता. आमच्याकडं खंडाचा कागद करत नाहीत, कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क बसेल, म्हणून. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला मालक केलं, ते न्याय्यच होतं. पण त्याच्या धास्तीनं पुढचे खंड तोंडी झाले. सातबाऱ्याच्या सातमध्ये आण्णांचं नाव आणि बारामधलं पीकही त्यांच्याच नावावर. ई-पीक पाहणी आल्यापासून मोबाईलवर फोटो काढून ते मीच नोंदवायचे. पेरलेलं मावशींनी.

मी नकाशे काढायचं काम करते, म्हणून जमिनीवरच्या जागतिक परिषदांचे दस्तऐवज वाचते. १९७६ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्हँकुव्हर इथल्या वसाहतींवरच्या परिषदेनं म्हटलं की जमीन ही बाजारावर सोडून देण्यासारखी साधी मालमत्ता नाही. मे २०१२ मध्ये रोमला जागतिक अन्न सुरक्षा समितीनं जमिनीच्या हक्कांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. कायद्याचं संरक्षण नसलेले, पण वैध असे हक्कही ओळखा, असं त्यात आहे. ते वाचताना मला मावशी दिसतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये क्विटोला संयुक्त राष्ट्रांच्या अशाच परिषदेत शहर आणि खेडं यांचा एकत्र विचार करायचं ठरलं. त्याच वर्षी इथं कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीवरून शहर आणि गावं समोरासमोर उभी होती. २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण झालं. घरफाळा, पाणी, आरक्षण यांवर पुष्कळ भांडलो आपण, आणि ते भांडायलाच हवं होतं. पण शहराला वैरण, भाजी पुरवणारी खंडकरी माणसं दोन्ही बाजूंच्या हिशेबात नव्हती, कारण हिशेब सातबारा बघून होतो.

नीती आयोगाचा शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदाही २०१६ चाच. मालकी मालकाचीच राहावी, आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा मिळावा, अशी त्याची मांडणी. मला ती पटते. तोंडी खंडात मालक घाबरलेला असतो आणि कसणारा उघड्यावर.

मावशींनी एक म्हैस विकली. उरलेले १० गुंठे त्याच करतात. यंदा त्यांच्या नावानं खंडाचा कागद करूया, म्हणून मी आण्णांच्या मागे लागले आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत.