टेबलाची उंची आणि तिसऱ्या भोकाची तार

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर, सासऱ्यांनी करून घेतलेल्या सागवानी टेबलावर दिवसभर माझे ऑफिसचे काम चालते आणि रात्री जेवणे आटोपली की त्याच टेबलावर पुण्याच्या भाच्याबरोबर तासभर गाड्यांच्या शर्यतीचा गेम रंगतो. गेल्या उन्हाळ्यात उजव्या खांद्यातून कळा येऊ लागल्या, तेव्हा मी नव्या खुर्च्यांच्या किमती पाहू लागले होते. पण टेप लावून मोजल्यावर दोष टेबलाच्या उंचीत निघाला.

टेबल 78 सेंटीमीटर उंच आहे. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे खुर्चीत ताठ बसून हात काटकोनात वाकवले की कोपर जमिनीपासून जेमतेम 67 सेंटीमीटरवर येते. म्हणजे रोज आठ तास मी खांदे उचलून धरूनच टाइप करत होते. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळत आणि सीटची कड मांडीला रुतत असे. टेबलाचे पाय कापावेत असे मनात आले, पण आमच्या मिस्त्रीकाकांनी सागाला करवत लावण्यास साफ नकार दिला आणि टेबलाखाली चॅनेलवर सरकणारी अडीच फूट रुंदीची फळी बसवून दिली. एवढी रुंदी मी मुद्दाम मागून घेतली, कारण कीबोर्ड खाली आणि माऊस वर राहिला असता तर उजव्या खांद्याचे दुखणे तसेच राहिले असते. पायांखाली आता जेवणाचा जुना पाट आहे, दोन इंच उंचीचा, आणि तो जराही हलत नाही.

मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी लागते. टेबल मुळात उंच असल्यामुळे सोबत आलेल्या स्टँडवर तो चार बोटे वर जात होता, म्हणून मागच्या 100 मिलिमीटर अंतरावरच्या चार भोकांत बसणारा आर्म घेतला आणि त्याच्या पकडीखाली लाकडाचा तुकडा घातला, म्हणजे सागावर वण उठणार नाही. पश्चिमेची खिडकी आता पाठीमागे न येता डाव्या हाताला येते, त्यामुळे दुपारची तिरीप पडद्यावर पडत नाही.

हा मॉनिटर 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलणारा आहे, तरी दोन महिने तो 60 वरच चालत होता, कारण विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा निवडावा लागला. 60 वर एक चित्र सुमारे 16.7 मिलिसेकंद टिकते, 144 वर सुमारे 7. वळणावर गाडी हाताला कशी लागते यात हा फरक लगेच जाणवतो, आणि दिवसा लांबलचक एक्सेल शीट सरकवतानाही डोळ्यांना बरे वाटते.

सर्वांत जास्त कळकळीने सांगावेसे वाटते ते अर्थिंगबद्दल. संगणकाच्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बारीक मुंग्या येत, आणि मी ते थंडीतल्या कोरड्या हवेवर ढकलत होते. वायरमनने सॉकेट उघडले तेव्हा तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर असतात आणि त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा असतो. ती तार नसेल तर पत्र्यावर 230 व्होल्टच्या जवळजवळ निम्मा दाब दिसतो. एरवी त्याच्या मुंग्याच येतात, पण आत एखादी वायर सोलवटून पत्र्याला टेकली तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. मीटरपासून माडीपर्यंत नवी हिरवी तार ओढून घेतली, त्याच दिवशी मुंग्या थांबल्या.

त्याच तारेसोबत जिन्यातून इंटरनेटची कॅट 6 केबलही वर आणली, कारण खालच्या राउटरचे वायफाय या जाड भिंतींतून येता येता मंदावत होते. राहिले ते खुर्चीचे हात. ते सरकत्या फळीला अडत होते, म्हणून काल चार स्क्रू काढून तेही उतरवले.