हाव म्हणणारा माणूस पाहिजे

ऑगस्टची दुपार, बाहेर झड लागलेली, आणि मी लॅपटॉपसमोर बसून शेतकऱ्यांशी ऑनलाइन कापसाच्या गुलाबी बोंडअळीवर बोलून राहिलो होतो. स्क्रीनवर डोमकळीचा, म्हणजे अळी लागून न उमललेल्या फुलाचा मोठा फोटो, बाजूला काळ्या चौकटी, त्यात नावं काय तर रेडमी नोट, विवो, ओप्पो, मधेच एक 'पप्पूची मम्मी'. म्हटलं पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे हेक्टरी ५ लावा, सलग ३ रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की जागे व्हा. शांतता. मग माझा हमखास जोक मारला, की ही अळी बोंडात शिरते, मागून भोक बुजते आणि ती जावयासारखी आत बसून खात राहते, फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. हा जोक मी पारावर सांगितला की हमखास कोणीतरी आपल्या जावयाचं नाव घेतंच. इथे काहीच नाही. रेडमी नोट हसला की नाही, कसं कळावं?

अशा वेळी लोक विचारतात ना, 'ऐकू येऊन राहिलं का?' मला त्या प्रश्नाची चीड आहे. नसेल ऐकू येत तर तो उत्तर कसं देणार बाप्पा! पण तोंडातून जातोच.

आमचे आबाजी उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडून गोष्ट सांगायचे. अट एकच, कोणीतरी हुंकार द्यायचा. ते काम आळीपाळीने असायचं आणि ज्याची पाळी त्यालाच नेमकी झोप यायची. हूं थांबलं की आबाजी ओरडायचे नाहीत, तशाच आवाजात म्हणायचे, "मंग तो वाघ सायकलवर बसला न् यवतमाळले गेला पिच्चर पाह्यले." आम्ही अर्धवट झोपेत "हूं". मग जी काय खो-खो व्हायची, सगळे टक्क जागे, आजी आतून शिव्या देऊन राहिलेली. एकदा खरंच सगळे झोपलो तर म्हणे आबाजी बराच वेळ सांगत होते, आजीनेच सांगितलं सकाळी. कोणाला सांगत होते कोण जाणे.

आबाजींनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं होतं. बाबा तर समोरच्यांना सोडायचेच नाहीत, प्रश्न टाकायचे, उत्तर आलं की त्यातूनच पुढचा प्रश्न. १९५६ सालच्या शेवटच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग आहे, ऐका कधी, लोकांचे आवाज काढून टाकले तर कीर्तन अर्धंच उरते. बाबांना म्यूट ऑल केलेल्या मीटिंगमध्ये बसवलं असतं तर त्यांनी पहिले होस्टच्या हातात खराटा दिला असता.

दहा भाषांमधल्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ साली आला होता, हो-नाहीच्या प्रश्नाला माणूस सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागात उत्तर देतो म्हणे. आमच्याकडे टॉवरवर ढग आला की तेवढ्यात माझा प्रश्नच पोचत नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्यावर लिहिलं, त्यात एक कारण असं की इतके चेहरे जवळून सतत आपल्याकडे बघत असतात. माझी तक्रार नेमकी उलटी आहे, एक तरी बघा ना जी! दुसरं कारण मात्र पटलं, स्वतःचंच थोबाड सारखं समोर. ते मी लपवून टाकलं, तेवढं बटण बरं दिलंय.

आता मी आईला समोर बसवतो. लॅपटॉपच्या पलीकडे खुर्ची, हातात सूप, तांदूळ निवडत ती "हाव", "हाव ना", म्हणजे आमच्याकडचं हो, करत राहते आणि माझी गाडी चालते. तिला पऱ्हाटीतलं, म्हणजे कापसातलं, माझ्यापेक्षा जास्त कळते म्हणून कधी "हाव" ऐवजी नुसती मान हलते, ती पण आडवी. मग मी ती स्लाइड जरा लवकर पुढे ढकलतो.

त्या दिवशी मधेच एकाचा माईक चुकून सुरू झाला. आधी पत्र्यावरचा पाऊस, मग कोंबडा, मग कोणीतरी सुपारी कातरत असल्यासारखा आवाज, आणि एकजण म्हणाला, "जावयाचं बरोबर बोलला पाय तो." तीन-चार जण हसले. म्हणजे एका चौकटीत एक माणूस नव्हताच, एका फोनभोवती अख्खी ओसरी बसली होती आणि हुंकार तिथल्या तिथे चालू होता, फक्त माझ्यापर्यंत पोचत नव्हता! माझ्यातला होस्ट म्हणत होता माईक बंद कर, मी म्हटलं राहू दे. पुढची दहा मिनिटं मी जे बोललो ना, तसं कधी बोललो नसेन. आईने सूप खाली ठेवलं.

सगळे गेले तरी ती एक चौकट तशीच होती. विचारलं, भाऊ, काही शंका?

"अळीचं समजलं जी," कोणीतरी वयस्कर बोलले. "भावाचं काय? औंदा काय राहीन?"

मी म्हटलं, भाव माझ्या विषयात येत नाही काका.

"हाव," ते म्हणाले, आणि चौकट गेली.